नट निघाले, चाक निघेना

गाडीच्या चाकाचे नट काढले की चाक हातात येतं, असं आपण धरूनच चाललेलो असतो. रस्त्याकडेला पंक्चर झालेली गाडी बघता बघता स्टेपनी लावून निघून जाते, तेही आपण पाहिलेलं असतं. जुन्या आणि बराच काळ एका जागी उभ्या असलेल्या गाडीत मात्र नट निघणं हे अर्धंच काम. लोखंडी रिमच्या मधलं भोक ड्रमच्या (चाकामागच्या, आत ब्रेक असलेल्या गोल डब्याच्या) किंवा हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) गोल उंचवट्यावर नेमकं बसलेलं असतं आणि दोघांमधली फट जेमतेम केसाएवढी असते. तिथे पाणी शिरलं की दोन्हीकडचं लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ती फट भरून जाते आणि सुजलेल्या बोटात अंगठी अडकावी तशी रिम अडकते. मग नट काढा, ओढा, हलवा, चाक ढिम्म.

आमच्या काकाजींच्या मारुती ८००चं मागचं डावं चाक असंच अडकलं होतं. ते सोडवताना काय केलं आणि काय मुद्दाम टाळलं, हे सगळं लिहून काढते आहे. नागपुरातल्या अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांत अशा गाड्या अजूनही कव्हर घालून उभ्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ वाचू शकतील अशा आहेत.

गाडी १९९९ची, कार्बोरेटरवाली, नागपूरच्या एमएच ३१ नंबरची. काकाजींनी वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीत नोकरी करताना घेतली होती. घर डागा लेआउटमध्ये, नाग नदीपासून फार लांब नाही. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नदीकाठच्या वस्त्या झोपेतच पाण्याखाली गेल्या. आमच्या अंगणात गाडीची चाकं निम्म्याहून अधिक बुडाली होती. पाणी ओसरलं तेव्हा सगळीकडे चिखलाचा थर उरला. घरातलं धान्य, गाद्या, कागदपत्रं वाळवण्याच्या त्या दिवसांत गाडीचं इंजिन तेवढं तपासून घेतलं, तेल बदललं, सुरू करून पाहिली आणि हँडब्रेक ओढून पुन्हा जागेवर उभी केली. ओले ब्रेकशू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ओल्या ड्रमवर आवळून बसले ते तेव्हापासून. त्यावर पुढचा पावसाळाही गेला.

२०२४मध्ये गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवावी लागते. त्या वेळी मोटारगाडीसाठी ही फी ५,००० रुपये होती, एप्रिल २०२२च्या आधी ती ६०० होती. उशीर झाला की दरमहा ५०० रुपये दंड, शिवाय पर्यावरण कर वेगळा. घरात दोन मतं होती, भंगारात द्यावी की ठेवावी. काकाजी म्हणाले, "चालत असंन तं ठेवू. पण पहिले चालते का थे पाहा." त्यांचं म्हणणं मला पटलं. मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या सुरुवातीला थांबलं असलं तरी तिचे सुटे भाग नागपुरात अजून सहज मिळतात, आणि तिच्यात असं काही नाही जे साधा मिस्त्री उघडून नीट करू शकत नाही.

थंडीत, दिवाळी आटोपल्यावर, आम्ही कामाला लागलो. बॅटरी नवीन घातली. पेट्रोलच्या टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. इंजिन थोड्या कुरकुरीनंतर सुरू झालं, पण गाडी पुढे सरकेना. हँडब्रेक खाली केल्यावर आणि ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिल्यावर उजवं मागचं चाक मोकळं झालं. डावं तसंच आवळलेलं राहिलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या चाकात दोन वेगवेगळे अडथळे होते. आतले ब्रेकशू ड्रमला चिकटले होते, म्हणून चाक फिरत नव्हतं. आणि रिम ड्रमच्या मधल्या उंचवट्यावर गंजून बसली होती, म्हणून चाक निघत नव्हतं. ब्रेक सोडवायचा तर ड्रम उघडायला हवा, आणि ड्रमपर्यंत पोचायचं तर आधी चाक काढायला हवं. म्हणजे चाकापासून सुटका नव्हती.

नटांकडे आधी वळले. मारुती ८००ला चाकाला चार नट, १९ नंबरचा पाना लागतो. गाडीसोबत आलेला जुना पाना बाजूला ठेवला आणि आतून सहा कोनांचा सॉकेट घेतला. बारा कोनांचा सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे झिजवतो, आणि एकदा नट गोल झाला की मग वेल्डिंगवाल्याकडे जाण्याची वेळ येते. नटाच्या बाहेर आलेले स्टडचे (नट ज्यावर फिरतो त्या दांडीचे) आटे तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ केले. तिथला गंज तसाच ठेवला तर नट सुटताना त्या गंजावर चढतो, अडकतो आणि स्टड पिळून तुटतो. मग तेल सोडलं.

तेलाबद्दल थोडं जास्त लिहिते. घराघरात डब्ल्यूडी-४०ची डबी असते आणि गंज म्हटलं की हात तिकडेच जातो. ते रसायन १९५३मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, ते धातूवरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी दूर सारणं आणि ४० म्हणजे चाळिसावी कृती. नेहमीची निळी-पिवळी डबी बिजागरीला, कुलपाला उत्तम. पण आत खोलवर मुरलेल्या गंजासाठी खास गंज सोडवणारं पातळ तेल वेगळं मिळतं, ते घ्यावं. इतवारीतल्या लोहा ओळीत मी ते घेतलं आणि तिथेच हातभर लांब जाड लोखंडी पाइपही घेतला. पूर्वी मिस्त्री लोक रॉकेल वापरायचे. ते आता सहज मिळत नाही, म्हणून काही जण डिझेल वापरतात. थोडंफार काम त्यानंही होतं, पण वेळ फार लागतो.

नट सोडवताना गाडी जमिनीवरच ठेवली. जॅकवर असताना पान्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि आधी नट किंचित आवळायच्या दिशेने दाबला, मग सोडायच्या दिशेने. आवळताना गंजाचा थर तुटतो. कट्‌ असा कोरडा आवाज येतो आणि त्यानंतर नट बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. झटके न देता वजन हळूहळू टाकत गेले. तीन नट असे ढिले झाले, चौथ्याने दुसऱ्या दिवसापर्यंत तेल प्यायलं आणि मग सुटला. स्टड चारही शाबूत राहिले. हे मला फार मोलाचं वाटलं, कारण स्टड तुटला असता तर काम एकदम दुप्पट झालं असतं.

मग जॅक. अंगणात एका बाजूला फरशी आहे, दुसऱ्या बाजूला काळी माती. काळी माती वरून कितीही कडक दिसली तरी जॅकचा पाय तिच्यात हळूहळू रुततो, म्हणून गाडीची मागची बाजू फरशीवर येईल एवढी ती ढकलून, डावं चाक फरपटतच, मागे घेतली. जॅकखाली जाड फळी दिली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या आणि गिअर टाकला. मारुतीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे गिअर टाकला की पुढची चाकं धरली जातात. गाडी उचलल्यावर जॅकवर न ठेवता घोडीवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, टेकवली. शिवाय स्टेपनी आडवी करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवली. घोडी सरकलीच तर गाडी स्टेपनीवर येईल, माणसावर नाही. अडकलेल्या चाकाला आपण ओढणार, लाथा घालणार, ठोकणार. म्हणजे गाडी सगळीकडून हलणार. अशा वेळी नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली हात घालणं मला कधीच मान्य नाही.

नट पूर्ण काढून दोन्ही हातांनी चाक ओढून पाहिलं. हललं नाही. मग चारही नट पुन्हा आट्यांवर चढवले, पण दीड-दोन फेरे ढिले ठेवून. हे करायलाच हवं. चाक सुटतं तेव्हा सांगून सुटत नाही, आणि नट नसले तर ते थेट पायावर येतं. नट राहू देऊन टायरच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, आळीपाळीने टाचेने जोरात मारलं. मग आतल्या बाजूने टायरवर लाकडाचा ठोकळा धरून घणाने ठोकलं, जागा बदलत बदलत. घण रिमच्या लोखंडावर मारायचा नाही. कड वाकते आणि मग टायरमधली हवा तिथून निघत राहते. चाक तरीही जसंच्या तसं.

पंक्चर काढणारे एक भाऊ आले होते, त्यांनी सरळ उपाय सांगितला, "गॅसनं गरम करा ना ताई, एका मिनिटात सुटून जाते." हा सल्ला गावागावात दिला जातो आणि लोखंड तापवून सोडवण्याचं तत्त्व खरंही आहे. पण टायर चढवलेल्या रिमला आग दाखवणं हे जिवावरचं काम आहे. रिम तापली की आतलं रबर जळू लागतं, त्यातून पेट घेणारे वायू निघतात आणि बंद टायरमध्ये साठत जातात. स्फोट आग लावलेली असतानाच होतो असं नाही, ती विझवल्यानंतरही काही वेळाने होऊ शकतो. टायरमधली हवा काढून टाकली म्हणजे धोका गेला, असंही नाही. त्यात ड्रमच्या आत बेअरिंगचं ग्रीस आहे, ब्रेकचं तेल आहे, रबरी सील आहेत. मी त्यांना नाही म्हटलं आणि वाचणाऱ्यांनाही हेच सांगेन, कितीही अनुभवी माणूस म्हणाला तरी टायर असलेल्या चाकाला गॅस लावू देऊ नका.

त्यानंतर काही दिवस फक्त तेल. मधल्या भोकाच्या कडेने आणि प्रत्येक स्टडच्या भोवती, सकाळी थोडं आणि संध्याकाळी थोडं. डबीची बारीक नळी लावून अगदी थेंबाथेंबाने सोडायचं. धार सोडली तर तेल पसरून ड्रमच्या कडेने आत ब्रेकशूवर जाण्याची भीती असते. तेल सोडल्यावर हातोडीने रिमच्या मधल्या भागावर हलके ठोके द्यायचे. त्या थरथरीने तेल आत ओढलं जातं. या ठोक्यांचा उद्देश चाक हलवणं हा नाहीच, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप सावकाश चालतो. काकाजी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत. काकूंनी त्या दिवसांत सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, केल्या होत्या, त्या खाऊन पुन्हा तेलकट हातांनी चाकाकडे.

शेवटी ज्यांनी मार्ग काढला ते गोकुळपेठेकडचे एक वयस्क मिस्त्री. अॅम्बेसेडर, फियाट, विलीज जीप यांच्या काळापासून हात काळे केलेले. आल्याबरोबर त्यांनी नटांचे आटे कोणत्या बाजूचे ते पाहिलं. त्यांच्या काळात जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांचे नट उलटे फिरायचे, ती सवय अजून गेलेली नाही. मारुतीत सगळे नट सुलटेच असतात. मग त्यांनी चाक फिरवून पाहिलं. फिरेना म्हटल्यावर मला विचारलं, "ब्रेक लागलेलाच आहे ना जी?"

"हो, तोच तर त्रास आहे," मी म्हणाले.

"मंग त्रास कायचा? थोच तं कामाचा आहे. गाडी खाली घ्या."

त्यांचं म्हणणं असं. चांगल्या गाडीचं चाक अडकलं तर मिस्त्री लोक नट थोडे ढिले करून गाडी दोन-चार फूट पुढे नेतात आणि जोरात ब्रेक मारतात. ब्रेक ड्रमला धरतो, जमीन टायरला धरून फिरवू पाहते, आणि ड्रम आणि रिमच्या मध्ये पीळ पडतो. गंजाचा थर नेमका या पिळाने तुटतो. आपण बाहेर ओढत होतो, पण गंज त्या दिशेने सगळ्यात चिवट असतो. आमच्या गाडीत ब्रेक आधीच घट्ट लागलेला होता. म्हणजे ब्रेक मारायचीही गरज नाही, गाडी नुसती ढकलायची. जो अडथळा आम्ही शत्रू समजत होतो, त्याच्याच आधाराने दुसरा सुटणार होता. हे ऐकताना मला मनापासून आनंद झाला. इतके दिवस मी दोन्ही अडथळे वेगळे मोजत होते, त्यांनी ते एकमेकांसमोर उभे केले.

घोडी, स्टेपनी काढून गाडी जमिनीवर उतरवली. नट हाताने तपासले, चारही दीड-दोन फेरे ढिले आणि चारही आट्यांवर पूर्ण धरलेले. गिअर न्यूट्रल. पुढच्या विटा काढल्या, पण काकाजी एक वीट हातात घेऊन पुढच्या चाकापाशीच उभे राहिले. शेजारची पोरं मदतीला आली. मिस्त्री डाव्या चाकाजवळ उकिडवे बसले, पण चाकाच्या रेषेत नाही, बाजूला. "झटका नका देऊ, सारे मिळून जोर लावा अन् धरून ठेवा." गाडी वीतभर पुढे ढकलली, टायर फरशीवर किंचित घासला. मग वीतभर मागे. पुन्हा पुढे. मध्ये थांबून मिस्त्रींनी भोकाच्या कडेला दोन थेंब तेल सोडलं. पुन्हा मागे रेटताना धप्प असा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. मिस्त्रींनी हात वर करून थांबवलं. रिम स्टडवर एका बाजूला किंचित सरकली होती आणि नटाखाली चकचकीत लोखंडाची एक चंद्रकोर दिसत होती.

गाडी पुन्हा फळी, जॅक, घोडी, स्टेपनी अशा क्रमाने वर घेतली. नट काढले. चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवलं आणि ते बाहेर आलं. काकाजींनी चाकावर हात फिरवला आणि म्हणाले, "आता भंगाराचं नाव कोणी काढू नका."

ड्रमचं काम मिस्त्रींनी केलं. बाहेरून हलके ठोके देत, सावकाश मोकळा करत त्यांनी ड्रम ओढून काढला. आत वाळलेला नदीचा गाळ होता, ब्रेकशूचं अस्तर एका बाजूने सुटून आलं होतं आणि ब्रेकशू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधून तेल झिरपत होतं. दोन्ही मागच्या चाकांचे शू आणि सिलिंडर नवीन घातले. ती जुनी भुकटी मात्र मी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू दिली नाही. जुन्या ब्रेकशूंमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुप्फुसात गेलेली परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घेतली, फडकी पिशवीत बांधून टाकली.

चाक परत बसवण्याआधीची सफाई लोक टाळतात, आणि पुढच्या वेळी चाक पुन्हा अडकतं ते त्यामुळेच. ड्रमचा उंचवटा आणि रिमचं मधलं भोक तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने, लोखंड दिसेपर्यंत घासलं. रिम जिथे ड्रमला सपाट टेकते ती जागाही. तिथे गंजाचे खवले राहिले तर चाक तिरपं बसतं, आणि खवले पुढे गळून पडले की नट ढिले होतात. उंचवट्यावर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, बोटाने पुसून उरेल तेवढाच. स्टडचे आटे आणि नटाची निमुळती बसायची जागा मात्र कोरडी ठेवली. तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोराने आवळलं तरी स्टडवर ताण जास्त येतो. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, आधी चाक हवेत असताना हाताला लागेपर्यंत, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने. पाइप लावून जीव खाऊन आवळू नये. रस्त्यात पंक्चर झालं तर तेच नट साध्या पान्याने सुटायला हवेत.

उरलेली तीन चाकंही त्याच आठवड्यात काढली. उजवं मागचं घणाच्या थोड्या ठोक्यांवर निघालं, पुढची दोन्ही फक्त टाचेवर. सगळ्यांची तशीच सफाई केली. टायर जुने झाले होते, त्यांच्या बाजूंना बारीक भेगा पडल्या होत्या, म्हणून १४५/७० आर १२ मापाचे पाचही टायर बदलले, स्टेपनीसकट.

आरटीओत गाडी दाखवली, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचे असतात. रामटेक जाऊन-येऊन साधारण तेवढंच होतं, म्हणून काकाजी आणि काकू त्या रविवारी गडमंदिरात जाऊन आले. संध्याकाळी मी टॉर्क पाना लावून सोळाही नट पाहिले. एकही ढिला नव्हता.